शाळेच्या वाटेचा नकाशा : पायी आणि सायकलने जाण्याचा मार्ग गावाला विचारून कसा ठरवला



परिसर अभ्यासात नकाशा, दिशा आणि खुणा हा भाग आपण सगळेच शिकवतो. फळ्यावर उत्तरेचा बाण काढतो, मंदिराची खूण, विहिरीची खूण, पोस्टाची खूण दाखवतो, मुलं वहीत उतरवून घेतात आणि घटक संपतो. गेल्या वर्षी हाच घटक मी चौथीला जरा वेगळ्या कारणाने घेतला आणि तो जुलैपासून लांबत लांबत थेट जानेवारीच्या ग्रामसभेपर्यंत गेला. त्यात माझी एक मोठी चूकही झाली. ज्यांना आपल्या शाळेत असं काही करायचं असेल त्यांची तरी ती चूक टळावी म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आधी कारण सांगतो. आमची शाळा पहिली ते चौथी. गाव नीरा उजव्या कालव्याच्या पट्ट्यातलं, त्यामुळे नजर जाईल तिकडे ऊस. चौथी झाली की मुलं शेजारच्या गावातल्या हायस्कूलला जातात. मोठ्या रस्त्याने अंतर अडीच किलोमीटर. शिक्षण हक्काच्या नियमांमध्ये सहावी ते आठवीच्या शाळेसाठी ३ किलोमीटरचं अंतर धरलेलं आहे, म्हणजे कागदावर आमचं हायस्कूल जवळच आहे. पण ते अडीच किलोमीटर कसले आहेत हे कागदावर दिसत नाही. डांबरी रस्ता अरुंद, साइडपट्टी जागोजागी खचलेली, आणि गळीत हंगाम सुरू झाला की मागे दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर दिवसरात्र चालू. मागची ट्रॉली वळणावर कुठे येते हे चालकालाही नीट कळत नाही.

त्या जूनमध्ये माझ्या वर्गातून पाचवीत गेलेली एक मुलगी मामाच्या गावी शिकायला गेली. वाचनात वर्गात सगळ्यात पुढे असणारी पोर. मी तिच्या वडिलांना भेटलो तर ते म्हणाले, "गुरुजी, सायकल घ्यायला माझ्याकडं पैसे हायत. पण ती चालवायची कुठनं, तेवढं सांगा." मला उत्तर देता आलं नाही. घरी येताना ठरवलं की यंदाचा नकाशाचा धडा याच प्रश्नावर घ्यायचा. वस्तीवरून शाळेत आणि शाळेपासून हायस्कूलपर्यंत, पायी आणि सायकलने जाता येईल असा एक मार्ग आपण शोधायचा आणि गावासमोर मांडायचा.

पहिला टप्पा : मुलांचे नकाशे

साहित्य फार लागत नाही. जुन्या कॅलेंडरची कोरी मागची बाजू, पेन्सिल आणि तेलखडू. मुलांना सांगितलं, घरापासून शाळेपर्यंतची तुमची वाट काढा. मग तीन रंगांचे ठिपके द्या. जिथे भीती वाटते तिथे लाल, जिथे थांबावंसं वाटतं तिथे हिरवा, आणि जिथे दम लागतो किंवा पाणी प्यावंसं वाटतं तिथे निळा.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. प्रमाण चुकलं म्हणून मुलाचा नकाशा खोडू नका. आमच्याकडे ओढ्यावर एक लहानसा पूल आहे, मोठ्या माणसाची तीसेक पावलं. एका मुलाने तो पूल इतका लांब काढला की पान संपलं आणि शाळा कोपऱ्यात ठिपक्याएवढी राहिली. मी लाल पेन उचलला होता, पण मनात आलं, त्याला आधी विचारू तर. तो म्हणाला, "सर, पुलाला कठडा न्हाय ना. मागनं गाडी आली की मी पळतो. लय लांब वाटतो." प्रमाणाचा धडा दुसऱ्या दिवशी घेता येतो. त्याची भीती मात्र मी ते पान खोडलं असतं तर मला कधी कळलीच नसती.

लाल ठिपके कुठे पडले ते बघा. पूल. पिठाच्या गिरणीचा कोपरा, कारण तिथे एक कुत्रं बसतं. दार तुटलेली डीपी. पानटपरीसमोरची जागा, तीही फक्त मुलींच्या नकाशांवर. आणि शाळेचं स्वतःचं फाटक, जिथून बाहेर पडलं की थेट डांबरी रस्ता. हे शेवटचं मला लागलं. त्या फाटकातून मी रोज मोटारसायकल बाहेर काढतो आणि मला ते कधी दिसलं नव्हतं. हिरवे ठिपके जवळजवळ सगळे एकाच जुन्या चिंचेपाशी होते.

मुलांना असं विचारण्याची कल्पना काही माझी नाही. डेन्मार्कमधल्या ओडेन्से शहरात १९७० च्या दशकात शाळेतल्या मुलांनाच विचारलं गेलं होतं की वाटेत तुम्हाला भीती कुठे वाटते, आणि त्यांनी दाखवलेल्या जागा धरून तिथले रस्ते सुधारायला घेतले. त्या काळात त्या देशात रस्त्यावर मुलांचे फार बळी जात होते. शाळेच्या सुरक्षित वाटांचे जगभर जे कार्यक्रम पुढे निघाले त्यात या कामाचं नाव घेतलं जातं. सायकलींचा देश म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो तोही एके काळी मुलांना रस्त्यावर सांभाळू शकत नव्हता, हे पालकसभेत सांगण्यासारखं आहे. "ते परदेश हाय, तिथलं वेगळं" असं कोणी म्हणालं तर उपयोगी पडतं.

मग सगळे नकाशे एकत्र करायचे. शासनाच्या महाभूनकाशा संकेतस्थळावर गावाचा गटवार नकाशा मिळतो. त्यात घरं नसतात, पण ओढा, शिवेची हद्द आणि गटांच्या रेषा असतात. तो आम्ही मोठा छापून घेतला आणि भिंतीवर लावला. मुलांनी त्यावर आपापली घरं, गिरणी, देऊळ, पाण्याची टाकी भरली. गावाचा नकाशा पहिल्यांदाच बघितल्याने मधल्या सुट्टीत मोठी माणसंही येऊन आपला गट शोधू लागली. हा फायदा मी धरला नव्हता.

दुसरा टप्पा : मोजणी

गणितातली लांबी, वेळ आणि चित्रालेख इथे आयते वापरता येतात. आम्ही शाळेच्या ओट्यावर बसून सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास रस्त्याने जाणाऱ्यांची नोंद केली. पायी, सायकल, मोटारसायकल, ट्रॅक्टर, इतर. चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. नंतर त्याचे चित्रालेख. मुलांना वाटत होतं मोटारसायकली सगळ्यात जास्त असणार. सकाळच्या अर्ध्या तासात पायी जाणारी माणसं जास्त निघाली, आणि त्यात बहुतेक बायका आणि मुलं. रस्ता वापरणाऱ्यांमध्ये आपण यांना धरतच नाही, कारण ती आवाज करत नाहीत.

सगळ्यात कामाची मोजणी मात्र फाटकासमोरची ठरली. ती कोणत्याही शाळेत करता येईल म्हणून नीट सांगतो. (रस्ता ओलांडायचा प्रयोग मुलांचा हात धरून, दोन मोठी माणसं दोन्ही बाजूंना उभी करून आणि रस्ता मोकळा असतानाच करा.) आमचा रस्ता ७ मीटर रुंद. पहिलीतल्या एका मुलाला दोन्हीकडे बघत तो ओलांडायला ९ सेकंद लागले. आता ताशी ४० किलोमीटरने येणारी मोटारसायकल एका सेकंदात साधारण ११ मीटर जाते. म्हणजे ९ सेकंदांत १०० मीटरच्या जवळपास. मग टेप घेऊन फाटकापासून वळणापर्यंतचं अंतर मोजलं. ते भरलं ५५ मीटर. वळणावर गाडी दिसल्यापासून ती फाटकाशी पोचायला ५ सेकंद, आणि मुलाला लागतात ९.

हे गणित फळ्यावर सुटलं तेव्हा वर्ग शांत झाला. मग एक मुलगी म्हणाली, "मग सर, आपण वळणापासनं लांब जाऊन ओलांडू." मैदानाच्या दुसऱ्या टोकाला कुंपणात एक जुनं लहान दार होतं, वर्षानुवर्षं कुलूप लावलेलं. तिथून वळण ११० मीटर. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत हा फळा जसाच्या तसा दाखवला आणि त्याच आठवड्यात ते दार उघडलं. या सगळ्या उपक्रमात एक पैसा खर्च न होता झालेली सुधारणा ही एवढीच, आणि ती मुलांच्या भागाकारातून झाली.

तिसरा टप्पा : सभा, आणि माझी चूक

ऑगस्टअखेर मी पालक आणि ग्रामस्थांची सभा बोलावली. त्याआधी दोन रविवार सायकलवर हिंडून मी माझ्या मनाशी एक मार्ग पक्का केला होता. कालव्याच्या कडेची पट्टी. मोठ्या रस्त्यापेक्षा अंतर अर्ध्या किलोमीटरने कमी, वाहनं जवळजवळ नाहीत, दोन्ही बाजूंना झाडं, सकाळी बगळे. चार्ट पेपरवर मी तो हिरव्या रंगाने काढला, सुंदर दिसत होता. सभेला चाळीसेक माणसं आली. सरपंच ताई होत्या, सोसायटीचे चेअरमन होते, तरुण मंडळाची पोरं होती. बायका मागे व्हरांड्यात बसल्या. मी वीस मिनिटं बोललो. एका आजोबांनी शंका काढली, "पायी चालणाऱ्याला कुठं येगळा रस्ता असतो का गुरुजी?" त्यावर तरुण मंडळातला एक जण म्हणाला, "आबा, पालखी मार्गाला केलाय की. चौपदरीच्या दोन्ही बाजूंनी वारकऱ्यांना चालायला पट्टी धरलीय." सगळे हसले, आजोबाही हसले. शेवटी "कुणाला काही विचारायचंय?" असं मी विचारलं. कुणाला काही विचारायचं नव्हतं. टाळ्या झाल्या, चहा झाला, आणि मी वहीत लिहिलं : गावाची संमती मिळाली.

वास्तविक संमती बिमती काही मिळाली नव्हती. मी ठरवलेलं गावाला सांगून झालं होतं, इतकंच. आपण शिक्षक मंडळी यात पटाईत असतो. वर्गातसुद्धा "समजलं का?" विचारतो आणि मुलं "हो" म्हणाली की पुढे जातो.

चौथा टप्पा : शिवारफेरी

चूक लक्षात आली ती शिवारफेरीमुळे. पाणलोटाच्या कामात गावकऱ्यांसोबत शिवार पायी फिरून मग आराखडा करतात, ती पद्धत आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे. तशीच फेरी आम्ही या वाटेची काढली, पावसाळा सरता सरता. फेरीला मात्र मी मुद्दाम जे रोज चालतात त्यांनाच बोलावलं. चौथीतल्या मुलांच्या आया, दोन आज्या, काठी घेऊन चालणारे एक आजोबा, आणि हायस्कूलला जाणाऱ्या आठवी-नववीच्या चार मुली. वेळही मुद्दाम हायस्कूल सुटायची ठेवली, संध्याकाळी साडेपाच.

पहिल्या पाचशे मीटरमध्येच आजोबा थांबले. पट्टीची काळी माती ओली होती, काठी रुतत होती. त्यांनी काही न बोलता काठी वर करून मला दाखवली. एका मुलीची सायकल सोबत होती, तिच्या मडगार्डमध्ये चिखल भरून चाक फिरेना. मी उन्हाळ्यातल्यासारख्या कोरड्या दिवशी हिंडलो होतो, म्हणून मला हे दिसलं नव्हतं. कालव्याला आवर्तन चालू होतं, पाणी काठोकाठ. एका आईने लहानग्याला उचलून कडेवर घेतलं ते शेवटपर्यंत खाली सोडलं नाही.

आणखी पुढे गेल्यावर दोन्ही बाजूंचा ऊस डोक्याच्या वर गेला. बोलणं आपोआप थांबलं. मी विचारलं, "काय झालं?" कोणी बोलेना. मग एक आई म्हणाली, "गुरुजी, तुमची वाट लय चांगली हाय. पर गणपतीपासनं ऊस असा वाढतोय ते तोड येईपतूर आमी बाया बी हितनं एकट्या येत न्हाय. पोरींना कशा पाठवू?"

मी म्हटलं, "सभेत का नाही बोललात?"

"सभेत चेअरमन हुते, दीर हुते, सासरे हुते. तितं काय सांगायचं?"

मग हायस्कूलच्या मुली बोलायला लागल्या. नववीतली एक जण म्हणाली, "सर, आम्हाला ही वाट माहितीय. आम्ही यातनं जातच नाही. एकदा उसातनं कोणीतरी शिट्टी मारली, तेव्हापासनं मोठ्या रस्त्यानंच जातो. ट्रॉलीची भीती वाटते, पण तिथं माणसं तरी असतात." थंडीत सहाच्या सुमाराला दिवस मावळतो आणि या मुली त्याच वेळेला रस्त्यावर असतात. माझ्या हिरव्या रेघेवर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकही घर नव्हतं. वाहन नाही म्हणून वाट सुरक्षित, असं मी धरून चाललो होतो. त्या बायकांच्या लेखी वाहनं नसणं म्हणजे हाक मारली तर ऐकायला कोणी नसणं.

परत येताना मी त्यांनाच विचारलं, मग कुठून जावं? यावर मात्र सगळ्याजणी एकदम बोलायला लागल्या. वस्तीवरून. खालच्या वस्तीतून, देवळापुढून, जुन्या पाणंदीने. मोठ्या रस्त्यापेक्षा सहाशे मीटर लांब पडते, पण शेवटचा तुकडा सोडला तर दारापुढून दारापुढून जाते. एक आजी म्हणाल्या, "सांजच्याला समदी दारातच बसल्याली असत्यात. पोरगी गेली ते दिसतं, आली न्हाय ते बी दिसतं." सायकलवर सहाशे मीटर म्हणजे तीन-चार मिनिटं. एवढा वेळ द्यायला मुली आनंदाने तयार होत्या.

पाचवा टप्पा : अडचणीची चाळीस पावलं

दुसरा नकाशा चार्ट पेपरवर मी काढला नाही. भिंतीवरच्या मोठ्या नकाशावर बायका बोट ठेवत गेल्या आणि मुलांनी रेघ ओढली. बऱ्याच जागी फक्त किरकोळ काम होतं : एक उकिरडा सरकवणं, पाण्याच्या टाकीपाशी सांडणाऱ्या पाण्याला चारी काढणं, घराच्या पायऱ्या वाटेत आलेल्या तिथे वळसा घालणं. अडचण आली शेवटी. पाणंद जिथे संपते तिथून हायस्कूलच्या रस्त्याला लागायला मोठ्या माणसाची चाळीस पावलं एका शेतकऱ्याच्या बांधावरून जायचं.

मी सरपंच ताईंना घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी सरळ नाही म्हटलं. "आज पोरांची सायकल, उद्या मोटारसायकल, परवा ट्रॅक्टर. मग मोजणीत रस्ता म्हणून चढवायचा, आन् मी कोर्टात हेलपाटे घालायचे." मला राग आला होता, कबूल करतो. पण नंतर विचार केला तर त्यांची भीती खोटी नव्हती. बांधावरच्या वाटांवरून तालुक्याला किती दावे चालू असतात हे गावात राहणाऱ्या कोणालाही विचारा. असा माणूस भेटला की आपण लगेच "गावाच्या विकासाच्या आड येणारा" ठरवतो. त्याचं ऐकून घेणं हाही विचारण्याचाच भाग आहे, आणि तो कठीण भाग आहे.

तिसऱ्या भेटीत मार्ग निघाला, तोही त्यांच्याच डोक्यातून. वाटेच्या तोंडाशी दोन दगड असे रोवायचे की सायकल जाईल, मोटारसायकल अडखळेल आणि ट्रॅक्टर जाणारच नाही. दगड ते स्वतः रोवणार. एका वर्षापुरतं. कागदावर काही नाही. मी लेखी घ्यावं असं काही जण म्हणाले, पण मी घेतलं नाही. लेखी मागितलं असतं तर तोंडचंही गेलं असतं. हे बरोबर केलं की नाही याबद्दल आमच्या केंद्रातल्या शिक्षकांमध्ये अजून मतभेद आहेत. तुमचं मत वेगळं असू शकतं.

ग्रामसभा

आपल्याकडे ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद कायद्यातच आहे. बहुतेक ठिकाणी ती रजिस्टरवर सह्यांपुरती होते. आम्ही सरपंच ताईंना विनंती केली की यंदा ती खरोखर घ्या आणि शाळेत घ्या, नकाशाच्या भिंतीसमोर. तिथे झालेली चर्चा मुलांनी लिहून घेतली आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभेत चौथीच्या दोघांनी वाचून दाखवली. मी मागे बसलो.

मागण्या मांडताना एक अनुभव सांगतो. "मुलांसाठी सुरक्षित रस्ता व्हावा" असं लिहिलं तर सगळे हात वर करतात आणि काहीच होत नाही. आमच्या कागदावर असं होतं : ओढ्याच्या पुलाला दोन्ही बाजूंना कठडा. पाणंदीवर देवळापासून शेवटच्या घरापर्यंत दोन दिवे. डीपीचं दार. टाकीपाशी चारी. फाटकाच्या आधी वळणावर वेगरोधक. आणि प्रत्येकापुढे ते काम कुणाच्या हातात आहे ते. कारण पूल आणि दिवे ग्रामपंचायतीचे, डीपी वीज कंपनीची, मोठा रस्ता आणखी कुणाचा. सगळ्या मागण्या एकाच अर्जात कोंबल्या की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवायला मोकळा.

पुलाचा कठडा झाला. दोन दिव्यांपैकी एक लागला. चारी लोकांनी श्रमदानाने काढली. डीपीला दार बसलं. वेगरोधकासाठी केलेल्या अर्जाला अजून उत्तर नाही, दोनदा स्मरणपत्र दिलंय.

शहरातल्या शाळांसाठी

आमच्या डीएडच्या ग्रुपवर शहरातल्या मैत्रिणींनी विचारलं की आमच्याकडे ना पाणंद ना ग्रामसभा, आम्ही काय करायचं? लाल-हिरव्या ठिपक्यांचा नकाशा कुठेही करता येतो. मोजणीत तुम्ही पदपथाची रुंदी घ्या. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचाऱ्यांसाठीच्या निकषांप्रमाणे निवासी भागातही चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी, म्हणजे दोन व्हीलचेअर एकमेकींना ओलांडून जाऊ शकतील इतकी. मोकळी हा शब्द महत्त्वाचा. खांब, फलक, उभ्या गाड्या, पायऱ्या वगळून उरते ती रुंदी. मुलांना टेप देऊन शाळेभोवती दहा ठिकाणी मोजायला लावा, आकडे आपोआप बोलतील.

मागणी न्यायची कुठे, तर प्रत्येक महापालिकेचे प्रभाग कार्यालय असते. पुण्यात २००६ पासून अंदाजपत्रकात नागरिकांचा सहभाग ही पद्धत आहे. आपल्या भागातली लहान कामं नागरिक अर्ज भरून सुचवू शकतात. पदपथ, दिवे अशीच कामं त्यात बसतात. मुदत मात्र दरवर्षी जाहीर होते, ती चुकवू नका. पुण्याने २०१६ मध्ये पादचारी धोरण आणि २०१७ मध्ये शहराचा सायकल आराखडाही मंजूर केला आहे. आराखडा मंजूर झाला म्हणजे शाळेसमोर सायकल चालवता येते असं नाही, हे पुणेकर पालकांना मी सांगायला नको. पण मागणी करताना "तुमच्याच आराखड्यात आहे" असं म्हणता येतं, आणि त्याला वजन येतं.

पालकांसाठी दोन शब्द

तुमच्या मुलाबरोबर त्याची शाळेची वाट एकदा पायी चाला. गाडीवरून नाही, पायी, आणि त्याच्याच वेळेला. दप्तर त्याच्याच पाठीवर राहू द्या. बोलणं त्याला करू द्या. पूल लांब का वाटतो ते तुम्हालाही कळेल. दुसरं, मुलं एकेकटी जाण्याऐवजी टोळीने जातील असं बघा. आमच्याकडे सकाळी ठरलेल्या वेळेला हायस्कूलची मुलं चिंचेखाली जमतात आणि मग निघतात. ती जागा मी ठरवलेली नाही. मुलांच्या नकाशावर तिथे आधीच हिरवे ठिपके होते.

या जूनमध्ये माझ्या वर्गातून पाचवीत गेलेल्या सहा मुली आहेत. पाच जणी सायकलने वस्तीच्या वाटेने जातात. सहावीला अजून तिचे वडील मोटारसायकलवर सोडतात. ते म्हणतात, दुसरा दिवा लागला की बघू. मामाकडे गेलेली मुलगी दिवाळीच्या सुट्टीत आली होती. तिने बांधावरचे दोन दगड बघितले, सायकल त्यातून नेऊन बघितली आणि पुढच्या वर्षी इकडे यायचं का हे घरी विचारलंय. घरचं उत्तर अजून यायचंय.

यंदाच्या चौथीने नकाशे नव्याने काढले. पुलावरचा लाल ठिपका गेला आहे. शेतकऱ्याच्या बांधापाशी एका मुलाने निळा ठिपका दिलाय, कारण ते काका उन्हाळ्यात तिथे पाण्याचा माठ ठेवतात. गिरणीच्या कोपऱ्यावरचा लाल ठिपका आहे तिथेच आहे, कुत्रं मात्र बदललंय.